अनुभव धागा: फोटो बघूनच फोटोग्राफर ओळखू येतो, तो कशामुळे?

महाद्वारकर:
काल पेपर चाळताना पुण्यस्मरणाच्या पानावर एका आजींचा कृष्णधवल फोटो दिसला. खालचा मजकूर वाचायच्या आधीच कळलं, हा आमच्या काकांनी काढलाय. काका म्हणजे सख्खे नव्हेत, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते. कोल्हापुरात महाद्वार रोडला माडीवर स्टुडिओ होता, आता नाही. डावीकडून उजेड, उजवीकडचा गाल अंधारात, पण त्याच गालावर डोळ्याखाली एक लहानसा उजळ त्रिकोण. हनुवटी किंचित खाली, पदर खांद्यावर नीट बसवलेला. ओठ मिटलेले, आणि डोळे असे की कुणीतरी काहीतरी विचारतंय नि त्या ऐकतायत.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. काकांच्या तोंडून 'शैली' हा शब्द मी कधी ऐकला नाही. खोली अरुंद, खिडकी एकच, उत्तरेला. उत्तरेच्या खिडकीतून ऊन सहसा थेट येत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर फार बदलत नाही. चित्रकारही बसायला तीच बाजू धरतात. कॅमेरा याशिकाचा, एका रोलवर १२ फोटो, म्हणजे उगाच खटाखट नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की गाव विचारायचे, मग पाऊसपाणी, मग ऊस गेला का. माणूस उत्तर देताना बटण दाबायचे नाहीत, पुढचा प्रश्न ऐकताना दाबायचे. बोलताना ओठ हलतात, ऐकताना चेहरा आपोआप सैल पडतो.

माझ्या मते ती खोली, ती खिडकी आणि तो 'गाव कुठलं?' यातूनच त्यांचा फोटो घडला. तुमचं कसं घडलं? स्टुडिओवाले, हौशी, सगळ्यांनी लिहा.

तालीमवेडा:
पैलवानाचा कान दिसला पाहिजे! हा नियम माझा नव्हे, त्यांचा. मोडलेला कान म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत, तो लपला की पैलवान नाराज. अगदी समोरून काढला की कान दबतो, म्हणून पाऊण चेहरा आणि कान उजेडाकडं. झालं, माझे सगळेच फोटो तसे व्हायला लागले.
दुसरं म्हणजे लाल माती. कुस्तीच्या हौदात उजेड मातीवरनं उसळून हनुवटीखालनं वर येतो. कपाळ एका रंगाचं, गळा नारिंगी. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सोय) कितीबी फिरवा, एक सुधारलं की दुसरं बिघडतंय. म्हणून कृष्णधवल धरलं. आता लोक म्हणतात ही तुझी स्टाईल. अंगावरची माती मात्र मी पुसू देत नाही. तेल, ताक, हळद घातलेली माती घामावर बसली की खांद्याची कातडी काय उठून दिसते, नाद खुळा!

मिरजेचा पाहुणा:
कुठली तालीम दादा?

तालीमवेडा:
गंगावेश. ये की एकदा, तिथंच म्हशीचं धारोष्ण दूध पाजतो.

सावळी:
भाकरी तव्यावर आहे, पटकन लिहिते. माझं सगळं एका रागातून सुरू झालं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी मीच नाही, चेहरा पिठासारखा पांढरा आणि हात माझे खरे. नंतर स्वतः फोटो काढायला लागले तेव्हा ठरवलं, कातडीच्या रंगाला हात लावायचा नाही.
यात तंत्रही आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणायला बघतो. मुंडावळ्या, मागची भिंत असं पांढरं जास्त असलं की तो उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. मग तो पांढरा करत बसतात. मी स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणं) गालावर धरते, खिडकीच्या जवळ बसवते आणि समोरून फ्लॅश मारत नाही. गालाच्या हाडावर जी चमक येते ती सावळ्या रंगावरच येते. वधूची आई आधी म्हणते, जरा उजळ करा की. मी मुलीला कॅमेऱ्यावरचा फोटो दाखवते, तिला विचारते. बहुतेक मुली तोच ठेवा म्हणतात.
आता भाकरी बघते.

चिंचेचा कोळ:
ताई, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. माझाही अल्बम तसाच आहे, मी तो उघडतच नाही.

पासपोर्टवाला:
मंडळी, शैली वगैरे सुट्टीच्या दिवशी. आम्हाला दोन्ही कान, सरळ मान, पांढरा पडदा. १० मिनिटांत ८ कॉप्या.

महाद्वारकर:
दादा, पण तुमच्या पांढऱ्या पडद्यापुढं माणूस बसतो तेव्हा तुम्ही काय बोलता? ते लिहा ना.

पासपोर्टवाला:
म्हाताऱ्या माणसांना 'श्वास सोडा' म्हणतो. श्वास सोडला की खांदे उतरतात, तेव्हाच घेतो. बोर्डाच्या फॉर्मसाठी येणारी पोरं जास्त घाबरतात, त्यांना पेपर कसा गेला विचारायचं नाही!! हे मात्र खरं.

ग्रंथालयातला:
अडचणीतून ओळख तयार होते याचं एक मोठं उदाहरण. इर्विंग पेन हा अमेरिकन फोटोग्राफर. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं दोन भिंती तिरक्या जोडून अरुंद कोपरा केला आणि बड्याबड्या माणसांना त्यात उभं केलं. कुणी टेकलं, कुणी आक्रसलं, जागाच अशी की माणूस उघडा पडायचा. त्याच वर्षी डिसेंबरात पेरूमधल्या कुस्कोत गावातल्याच एका फोटोग्राफरचा स्टुडिओ भाड्यानं घेऊन तिथल्या उजेडात गावकऱ्यांचे फोटो काढले. नामवंत असो की शेतकरी, साधी पार्श्वभूमी आणि एका बाजूचा उजेड. म्हणून त्याचा फोटो लांबून ओळखू येतो.
याउलट युसुफ कार्श हा कॅनडातला फोटोग्राफर. १९४१ ला ओटावात चर्चिलच्या तोंडातला सिगार त्यानं काढून घेतला आणि ती चिडलेली मुद्रा टिपली. काकांनी ऊस विचारून जे केलं ते मला जास्त आवडतं.

सावळी:
मलाही! भाकऱ्या झाल्या.

पेठेतली सून:
आमच्या सासरच्या जुन्या फोटोंत मागं राजवाड्याचा खांब नि महिरप रंगवलेला पडदा आहे. कोल्हापुरात पडदे रंगवणारे कलाकार केवढे होते! आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला. चित्रकाराची नजर आणि कॅमेरा या गावात पहिल्यापासून एका घरात नांदले. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटच करायचे, त्यात कुणाचा हात हलका, कुणाचा जड, हेही ओळखू यायचं.
पण माझ्या माहेरचे निम्मे फोटो २०१९ च्या पुरात गेले. कुंभार गल्लीत माहेर.

ग्रंथालयातला:
फार वाईट वाटलं वहिनी. पुन्हा असं झालं (न होवो) तर ओले फोटो एकावर एक वाळू देऊ नका, वरचा जिलेटीनचा थर फुगतो आणि वाळताना चिकटतो. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूच सुटे करा, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा.

पेठेतली सून:
हे तेव्हा कळायला हवं होतं. आत्याकडे एक प्रत आहे, ती आधी स्कॅन करते.

नवखा_११:
माझ्याकडे फक्त फोन आहे. आईचा फोटो काढला की नाक मोठं येतंय, आई चिडते. शैली नंतर, आधी नाकाचं सांगा 🙏

तालीमवेडा:
नाकाचा दोष नाही भावा, तू लई जवळ जातोयस. हातभर अंतरावरनं नाक कानापेक्षा कॅमेऱ्याला बरंच जवळ पडतं, म्हणून फुगतं. पाच-सहा फूट मागं हो आणि २एक्स झूम लाव.

महाद्वारकर:
आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेव, केस कापल्यासारखे दिसतात. आईला दारात बसव, तोंड बाहेर, तू अंगणात. महिनाभर त्याच दारात, तेवढ्याच अंतरावरून घरातल्या सगळ्यांचे काढ आणि इथं टाक, बघू काय दिसतंय.

नवखा_११:
दारात आमची म्हैस बांधलेली असते.

सावळी:
मग तिलाही घे की फ्रेममध्ये! कोल्हापूरचा फोटो आहे हे सांगावं लागणार नाही 😄