चर्चतर्फे वर्षभर जर्मनीत सेवेला जायचंय: पैसे, व्हिसा आणि नेमकं काम?

तरुणसंघ_नगर
सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मुलीची (वय 22, समाजकार्याची पदवी) जर्मनीत वर्षभराच्या सेवेसाठी निवड झाली आहे. तिथल्या एका चर्चशी आमचं जुनं नातं आहे, त्यांनीच बीएफडी नावाच्या योजनेतून जागा सुचवली. अपंग मुलांच्या निवासी शाळेत काम आहे, सप्टेंबरात निघायचं. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) तिला ‘मिशनरी’ म्हणून पाठवण्याची खास उपासना घेणार आहेत. घरच्यांचे प्रश्न असे: खर्च किती, व्हिसा कोणता, आणि तिथे सुवार्ता (येशूचा संदेश) सांगायची की फक्त काम करायचं? शिवाय एक एजंट प्लेसमेंटचे दोन लाख मागतोय. द्यावे का?

कागदपत्रवाला
एजंटला एक रुपयाही देऊ नका. बीएफडी ही जर्मन सरकारची स्वयंसेवा योजना आहे. सक्तीची लष्करभरती आणि तिच्याऐवजी करायची नागरी सेवा 2011 मध्ये थांबली, तेव्हा 1 जुलैपासून ही सुरू झाली. करार होतो मुलगी, ती शाळा आणि सरकारी कार्यालय यांच्यात. तो सहीशिक्क्यानिशी हातात येईपर्यंत तिकीट काढू नका, नोकरीही सोडू नका.

आरोग्यविमा आणि सामाजिक विम्याचे दोन्ही हिस्से (तिचा आणि संस्थेचा) संस्था भरते. वर हातखर्च मिळतो. त्याची कायदेशीर कमाल मर्यादा 2025 साली महिना 644 युरो होती, पण राहणं-जेवण संस्थेकडे असेल तर प्रत्यक्ष रक्कम बरीच कमी असते. विमानाचं तिकीट कोण काढणार, हे आत्ताच लेखी विचारा, कारण गैरसमज बहुतेक इथेच होतात. घरून लागतात ते व्हिसाचे 75 युरो, पासपोर्ट कार्यालयाच्या पोलीस दाखल्याचे 500 रुपये, भाषेची परीक्षा आणि लसी. शिवाय तीनेकशे युरो सोबत द्या. हातखर्च हाती येईपर्यंत पहिले काही आठवडे काढायचे असतात.

व्हिसा राष्ट्रीय, म्हणजे ‘डी’ प्रकारचाच हवा. 90 दिवसांच्या पर्यटक व्हिसावर जाऊन सेवा करणं बेकायदा आहे, मग बोलावणारं चर्च कितीही भलं असो. महाराष्ट्रासाठी अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो. चार-पाच महिने हाताशी ठेवा. आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर: बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. सगळे कागद पासपोर्टशी जुळवून घ्या, आणि पाळकांच्या शिफारसपत्रातही पासपोर्टवरचंच नाव लिहा.

सिस्टर_मिरज
शाळा म्हणालात म्हणून गोवराची लस आधी बघा. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत शाळा, पाळणाघर, रुग्णालय अशा ठिकाणी काम करणाऱ्या, 1970 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला गोवर-संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. प्रौढांना दोन डोस, नाहीतर रक्तातल्या प्रतिपिंडांचा अहवाल. आपल्या सरकारी लसीकरणात गोवराचा दुसरा डोस 2010 पासून आला. म्हणजे आज बावीस वर्षांच्या मुलीच्या कार्डावर एकच डोस असण्याची शक्यता मोठी, आणि कार्डच हरवलेलं असण्याचीही. एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्रित लस) दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, तेव्हा जुलैअखेरीस जाग येऊन उपयोग नाही. दाखल्यावर लसीचं नाव, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का इंग्रजीत घ्या. पुरावा नसेल तर व्हिसा असूनही पहिल्या दिवशी शाळेत पाऊल ठेवता येत नाही.

सेवा_आणि_शब्द
सुवार्तेच्या प्रश्नाबद्दल. ही सेवा लोकहितासाठी आहे. जेवू घालणं, चाकाची खुर्ची ढकलणं, आंघोळीला मदत, खेळ, बाजारहाट, आठवड्याला साधारण 39 तास. औषध देणं, इंजेक्शन ही तिची कामं नाहीत. कोणी सांगितलं तरी नम्रपणे नाही म्हणावं. प्रचार कामाचा भाग नाही. एखाद्या मुलाने किंवा पालकाने विचारलं तर आपल्या विश्वासाबद्दल बोलायला कोणी अडवत नाही, पण विषय आपण काढायचा नाही.

‘मिशनरी’ शब्दाने घोटाळा होतो तो इथे, मंडळीत. दर महिन्याला ‘किती जणांना देवाचं वचन सांगितलंस?’ असं विचारलं की मुलगी कोंडीत सापडते. पाठवणीच्या उपासनेतच पाळकसाहेबांनी तिचं काम नीट सांगावं. मुलाला भरवणं हीसुद्धा सेवाच आहे, हे मंडळीने त्या दिवशी ऐकायला हवं.

त्याहून मोठा धोका फोटोंचा. इथल्या मंडळीला अहवालात फोटो हवे असतात, आणि तिथे मुलांचे फोटो, नावं, आजार बाहेर सांगायला सक्त मनाई. व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवलेला एक फोटो करार मोडायला पुरे. अहवालात तिने इमारत, बाग, स्वतःचं वेळापत्रक, शिकलेली गाणी द्यावीत.

निवासी शाळेत शनिवार-रविवारच्या पाळ्या असू शकतात. उपासनेला जायचं असेल तर महिन्याचं वेळापत्रक लागण्याआधी सांगावं, नंतर बदल अवघड. आणि भाषा! ए1 (जर्मनची सर्वांत पहिली पातळी) हा कमीत कमी पाया. पुण्यात किंवा मुंबईत मॅक्स म्युलर भवनात होईल, पण निघण्यापूर्वी ए2 पर्यंत पोचली तर फार बरं. इंग्रजी सहकाऱ्यांशी चालतं, मुलांशी नाही. ‘दुखतंय का?’, ‘पाणी हवं?’, ‘थांब, मी येते’ अशी पन्नासेक वाक्यं तोंडपाठ हवीत.

तरुणसंघ_नगर
मनापासून आभार. एजंटला आजच नाही कळवतो. आणखी दोन शंका. तिथे चर्चचा कर पगारातून कापतात म्हणे? आणि पुढे तिला नर्सिंग करायचं झालं तर?

कागदपत्रवाला
राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते, तिथे धर्म विचारतात. खरं तेच लिहावं. चर्चचा कर आयकरावर बसतो, आणि बीएफडीच्या हातखर्चाला आयकर नाही. त्यामुळे काही कापलं जाणार नाही. नोंदणीला ती तिथे राहते असं घरमालकाचं किंवा संस्थेचं सहीचं पत्र लागतं, ते पोचल्या दिवशीच मागावं.

नर्सिंगच्या प्रशिक्षणाचा व्हिसा वेगळा असतो आणि त्याला साधारण बी1 पातळीची भाषा लागते. मनात तेच असेल तर सरळ त्याचाच अर्ज करा. वर्षभर सेवा केल्यावर तसं वाटू लागलं, तर मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात विचारावं.

सिस्टर_मिरज
सप्टेंबर म्हणजे लगेच हिवाळा. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो आणि सर्वांत जास्त एकटेपणा तेव्हाच येतो. संस्थेकडून बीएफडीसाठी वर्षात 25 दिवसांची शिबिरं असतात, ती एकही चुकवू नये, तिथे तिच्यासारखी इतर मुलं भेटतात. जड कोट इथून नेऊ नका, तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त मिळतो. बॅगेत ती जागा मसाल्यांना आणि मराठी शास्त्राला (बायबलला) द्या.