मदत हवी आहे: तंबोऱ्याच्या कारखान्याच्या छोट्या साइटसाठी परवडणारं होस्टिंग कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मिरजेत आमचं तंबोरे आणि सतारी बनवायचं काम आहे. अब्बा, मोठा भाऊ आणि दोन कारागीर घडणीचं काम करतात. हिशेब, फोन, पार्सल मी बघतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे फोन वाढलेत. बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न ठरलेला, "वेबसाइट आहे का?" सध्या नाही म्हणावं लागतं.

खरं तर होती. 2021 मध्ये ओळखीतल्या एका मुलानं करून दिली होती. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्यानं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. तेव्हा आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. दोन वर्षं नीट चाललं. मग त्याला परगावी नोकरी लागली, नंबर बदलला, मुदत संपत आल्याचे ईमेल त्याच्याकडेच जात राहिले आणि डोमेन गेलं. आम्हाला कळलं ते धारवाडच्या एका गायनशिक्षिका बाईंच्या फोनवरून: "तुमच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसतायत." हजार कार्डं छापून घेतली होती. उरलेल्या कार्डांवरचा पत्ता अब्बांनी दोन संध्याकाळी बसून पेनानं खोडला. ते मला अजून विसरता येत नाही. म्हणून या वेळी डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आणि होस्टिंगवाल्यापेक्षा (साइटच्या फाइली ठेवायला जागा देणाऱ्यापेक्षा) वेगळ्या कंपनीकडे घ्यायचं, एवढं पक्कं आहे. होस्टिंग सोडावं लागलं तरी नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या होस्टिंगकडे न्यायचं ती नोंद) बदलून दुसरीकडे जाता येईल.

साइट साधीच हवी. पाच-सहा पानं, फोटो, पत्ता, फोन. ऑनलाइन खरेदीची टोपली नको, कारण तंबोरा तसा विकलाच जात नाही. गाणाऱ्याची पट्टी कोणती, बायकी आवाजासाठी हवा की मर्दानी, प्रवासात न्यायचा आहे का, हे बोलल्याशिवाय भोपळासुद्धा निवडता येत नाही. त्यामुळे एक व्हॉट्सअॅपचं बटण असलं की झालं.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको, ती म्हणजे आवाज. अब्बा घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवतात आणि एका क्षणी तार बोलायला लागते. हीच जवारी. ती लागण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन आवाज शेजारी शेजारी ऐकवता आले, तर गिऱ्हाइकाला वेगळं काही समजावावं लागणार नाही. असे वीसेक तुकडे, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचे, मी रेकॉर्ड केलेत. मूळ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी होते; 128 केबीपीएसची एमपी3 केली तर मिनिटाला 1 एमबीच्या आत. पण एमपी3 मध्ये वरचे स्वर थोडे बोथट होतात असं भावाचं म्हणणं आहे आणि त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. 256 वर ठेवलं तरी सगळे तुकडे मिळून 20 एमबीच्या आसपास. व्हिडिओ यूट्यूबवर टाकून साइटवर जोडेन.

आता पैशांचं. एका कंपनीची जाहिरात महिना 99 रुपयांची आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हा दर तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरच. म्हणजे 3,564 रुपये, वर 18 टक्के जीएसटी धरून 4,205. त्यानंतर नूतनीकरण महिना 299 दरानं, म्हणजे जीएसटीसह वर्षाला 4,233. पहिली तीन वर्षं जेवढ्यात, तेवढ्यात चौथं एकच वर्ष! हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी नसल्यामुळे आम्ही नोंदणी केलेली नाही, तेव्हा हा कर परतही मिळणार नाही. डोमेन धरून वर्षाला 2,500 पर्यंत खर्च झेपेल, पण तो चौथ्या वर्षीही तेवढाच राहायला हवा.

साइट बनवायचं वर्डप्रेस मी थोडं शिकलोय. पण ते आणि त्याचे प्लगिन (जोडसॉफ्टवेअर) सतत अपडेट करत राहावे लागतात. पार्सलांच्या गडबडीत महिनाभर बघितलं नाही आणि कुणी साइट हॅक केली, तर पुन्हा कार्डं खोडायची वेळ. म्हणून साध्या एचटीएमएलच्या पानांकडे माझा कल आहे. अशी पानं मोफत ठेवायला गिटहब पेजेस बघितलं, पण धंद्याच्या साइटसाठी ती मोफत जागा नाही असं त्यांच्याच नियमांत लिहिलंय, तेव्हा ते सोडलं. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत योजनेत एक फाइल 25 एमबीपर्यंत चालते. आमचं सगळं त्यात आरामात बसतं, एसएसएलही (ब्राउझरमधलं सुरक्षिततेचं कुलूप) फुकट. कागदावर हेच बरं दिसतंय. पण फुकटच्या जागेवर घरचा धंदा टाकायला मन धजत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. आपल्यापैकी कुणी अशा मोफत जागेवर दुकानाची साइट दोन-तीन वर्षं चालवली आहे का? मध्येच काही बंद पडलं का, आणि पडलं तेव्हा किती वेळात दुसरीकडे हलवता आलं? शेअर्ड (एका सर्व्हरवर अनेक साइट असलेलं) होस्टिंग घेतलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रत्यक्षात किती बिल आलं, तो आकडा सांगितलात तर फार उपयोग होईल. जाहिरातीतला दर मला दिसतोच आहे. बॅकअप परत मिळवायचे वेगळे पैसे घेतले का, तेही सांगा.

दुसरं म्हणजे ईमेल. साइटच्या नावाचा एक ईमेल हवा आहे. परदेशातली माणसं पैसे पाठवण्याआधी ते बघतात. फक्त एका पत्त्यासाठी होस्टिंग घ्यावं, की डोमेनवर आलेली पत्रं जीमेलला वळवली तरी चालतात? उत्तर पाठवताना समोरच्याला जीमेलचा पत्ता दिसू नये, एवढीच अट.

नावाबद्दल घरात वाद आहे. अब्बांना .भारत मध्ये देवनागरी नाव हवं, भावाला .कॉम. मला .इन बरं वाटतं. देवनागरी नाव मलाही आवडतं, पण धारवाडच्या बाई ते टाइप कसं करणार? दोन नावं घेऊन एक दुसऱ्याकडे वळवणाऱ्यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तेव्हा गावोगावचे गाणारे-वाजवणारे मिरजेत येतात आणि कारखान्यात डोकावतात. त्याआधी नवी कार्डं छापायची आहेत. छापखान्यात पत्ता दिला की मागे फिरता येणार नाही, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.