पुण्याजवळ पाण्याकाठी घरच्यांचे फोटो : कुठे गेलात, कसं झालं?

मेतकूट :
काल पानशेतहून परत येताना खडकवासल्याला गाडी मुंगीच्या चालीने सरकत होती. रस्त्याच्या कडेला एक कुटुंब फोटो काढत होतं. आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेलं, मागे सुना, आणि नातू पाण्याकडे पळतोय म्हणून त्याच्या बाबाने त्याला मागून शर्टाला धरलेलं. एकदम आमच्या आजीचा फोटो आठवला. तिचे घराबाहेर काढलेले फोटो जवळजवळ नाहीतच. एक आहे तो असाच, धरणाच्या काठावरचा. पदर वाऱ्यावर, आणि ती कोणावर तरी ओरडतेय. आम्हा सगळ्या भावंडांच्या फोनमध्ये तो आहे.

आता डिसेंबरात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. नागपूरहून काका-काकू, आत्या, सगळे येणार. हॉलमधला शालीचा आणि गुच्छाचा फोटो होईलच, मला पाण्याकाठचा हवाय. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बहिणीचं बाळ नुकतं रांगायला लागलंय. चढ नको, चिखल नको, गाडीतून उतरलं की समोर पाणी पाहिजे. मला वाटतं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला जमेल तीच जागा धरायची, देखावा नंतर बघू. तुमचे अनुभव लिहा ना.

सिंहगडरोडकरीण :
रविवारी संध्याकाळी खडकवासला नको म्हणजे नकोच!! सिंहगडावरचे, पानशेतचे सगळे एकदम परत फिरतात. बाळ गाडीत रडून लाल होईल. मधल्या वारी सकाळी जा. दिराचा साखरपुडा झाल्यावर आम्ही असेच बुधवारी गेलो होतो, कणीसवाले नुकती शेगडी पेटवत होते. सासूबाईंना गाडीच्या दारातून थेट कठड्यापाशी नेलं. निवांत.

चिंच_गूळ :
+१. आणि चौपाटीवरची कांदाभजी फोटो झाल्यावर खा, आधी नाही. तेलकट बोटं सगळ्यांच्या कपड्यांना लागतात.

फोकसवाला :
लग्नाचे, बारशाचे फोटो काढतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सकाळ की संध्याकाळ, हे कोणत्या काठावर उभे आहात त्यावर ठरतं. खडकवासल्याला सिंहगडाकडे जाणारा रस्ता एका काठाने जातो आणि पलीकडे एनडीएचे (लष्कराच्या प्रबोधिनीचे) डोंगर. रस्त्याच्या बाजूला पाण्याकडे पाठ करून माणसं उभी केली की सकाळचं ऊन समोरून चेहऱ्यावर येतं. संध्याकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे जातो. पाणी सोनेरी दिसतं, पण चेहरे काळे पडतात. म्हातारी माणसं असतील तर सकाळीच जा, साडेआठ-नऊच्या आत आटपा. नंतर डोळे मिचकावलेले फोटो येतात.
संध्याकाळीच जायचं असेल तर सूर्य डोंगराआड गेल्यावर जो थोडा वेळ मऊ उजेड राहतो, तो पकडा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास असतो, म्हणजे पाचला सगळे जागेवर हवेत. फोनने काढत असाल तर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढवून घ्या.
आणि एक, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मागच्या पाण्याची रेघ कोणाच्या मानेतून जाऊ देऊ नका. फोटो काढणाऱ्याने थोडं खाली बसावं किंवा वर चढावं. रेघ खांद्याच्या खाली किंवा डोक्याच्या वर. एवढं केलंत तरी साध्या फोनचा फोटो भिंतीवर लावण्यासारखा होतो.

मेतकूट :
फोकसवाला, मानेच्या रेघेचं वाचून लगेच जुने फोटो काढून बघितले. सगळ्यांच्या मानेतून रेघ! धन्यवाद.

वेळणेश्वरची सून :
रंगांचं पण सांगा कोणीतरी. आमच्याकडे सगळ्यांनी पांढरं घालायचं ठरलंय.

फोकसवाला :
उन्हात पांढरं फटफटीत दिसतं, कापडाच्या चुण्या दिसत नाहीत. पावसाळ्यात हिरवं टाळा, मागे सगळं हिरवंच असतं. मोरपंखी, मरून, हळदी, राणी हे पाण्यासमोर छान उठून दिसतात. सगळ्यांनी एकच रंग घालण्यापेक्षा दोन-तीन जुळणारे रंग घ्या.

वेळणेश्वरची सून :
कापड शिंप्याकडे गेलंय 😭

चिंच_गूळ :
बायकांना रंगीत ओढण्या दे, पुरुषांना जाकिटं. होईल सगळं नीट.

शनिवारपेठी :
आमच्या आजीचं सांगतो. ती धरणाकडे पाठ करून उभी राहत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, तेव्हा ती नदीकाठच्या वाड्यात होती, नवी नवरी. भांडी, लग्नातल्या साड्या, सगळं गेलं. माझ्या मुंजीनंतर सगळे खडकवासल्याला निघाले तर ती गाडीतून उतरलीच नाही. काका चिडला. पण आई म्हणाली, तिला नको तर नको, आणि सगळ्यांना सारसबागेत नेलं. तळ्यातल्या गणपतीसमोर जे कमळांचं छोटं तळं आहे, तिथे काढले फोटो. पूर्वी तिथे खरंच मोठं तळं होतं, आजीला ते सांगायला फार आवडतं. त्या फोटोत ती मनापासून हसलीये. बाबांना आधी विचारून घे मेतकूट, कोणत्या पाण्याशी कोणाचं काय असतं आपल्याला माहीत नसतं.

मेतकूट :
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच विचारते. आजींना नमस्कार सांग.

कोथरूडचा बाप :
सारसबाग सोपी आहेच, पण दिवाळी पाडव्याच्या पहाटे तिथे पाय ठेवायला जागा नसते. सगळं पुणं नवे कपडे घालून फोटो काढत असतं. आम्ही तरी दरवर्षी जातो, पोरांना आवडतं.

दोन_पोरांची_आई :
घाईत लिहितेय. १) टॉयलेट कुठे आहे ते आधी बघा. २) बाळाच्या झोपेच्या वेळेला जाऊ नका. ३) मुलांना हसा म्हणू नका, हातात चपटे दगड द्या आणि पाण्यात टाकायला सांगा. आपोआप हसतात. धाकट्याला शाळेतून आणायचंय, बाकी नंतर.

मुळशीकर :
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमचं मूळ गाव मुळशीच्या पाण्याखाली आहे. टाटांचं धरण, १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, हे पणजोबांनी आजोबांना सांगितलेलं आणि आजोबांनी आम्हाला. दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही सगळे ताम्हिणीच्या रस्त्याला जातो, कडेला गाडी लावून पाण्याजवळ जाता येईल अशी जागा बघतो. बाबा हात लांब करून दाखवतात, तिकडे आपलं घर होतं, तिकडे देऊळ. त्यांनीही ते पाहिलेलं नाही. आमच्याकडचा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे, कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, सगळे बाबांच्या बोटाच्या दिशेने बघतायत. आता माझा मुलगाही तसाच हात करून दाखवतो.

शनिवारपेठी :
काटा आला वाचून.

सिंहगडरोडकरीण :
मुळशीकर, हे मुलाला लिहून ठेवायला लावा.

तंबूवाला :
पवनेला आम्ही मे महिन्यात गेलो होतो. पाणी खूप आत गेलेलं असतं त्या दिवसांत, एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. दगडी मंदिर, मागे पाणी, फार सुंदर. पण तिथवर भेगाळलेल्या मातीतून चालावं लागतं, गुडघ्याच्या माणसाचं काम नाही. डिसेंबरात धरणं बऱ्यापैकी भरलेली असतात, पाणी काठाशी मिळेल तुम्हाला.

धायरीची ताई :
एक कळकळीने सांगते. फोटोसाठी धरणाच्या पाण्यात उतरू नका, घोट्याएवढ्यासुद्धा नाही. वरून कोरडा दिसतो काठ, खाली गाळ असतो, पाय रुततो आणि पुढे एकदम खोल. आमच्या भागात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात, ऐकवत नाहीत. बाळासाठी एक मोठं माणूस ठरवून ठेवा ज्याला फोटोत यायचंच नाही.

मेतकूट :
ताई, नक्की. तो माझा नवरा, त्याला फोटोत यायला आवडतही नाही.

पाषाणातला बगळा :
पाषाण तलाव कोणीच कसा काय नाही सुचवला! खंड्या, बगळे, पाणकावळे, हिवाळ्यात बदकं. घरापासून जवळ, सकाळी शांत. जलपर्णी वाढली असेल तर मात्र पाणी दिसतच नाही, सगळं हिरवं शेत. आधी एकदा चक्कर मारून बघून या. संध्याकाळी डास फार, मुलांना ओडोमॉस लावून न्या.

आंबेगावची मावशी :
कात्रजचा तलाव पण आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, तिथून जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी जायचं, वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडायच्या जागा, बांधलेले. माझ्या नातवाला हे सांगितलं तर तो फोटो सोडून उच्छ्वास कुठे दिसेल तेच विचारत बसला. फोटो काढणारा बिचारा ताटकळला.

कोथरूडचा बाप :
मावशी, आम्ही मुलांना घेऊन यायचं का एकदा? तुम्ही दाखवा.

आंबेगावची मावशी :
या की. थालीपीठ खाऊन जा.

वेळणेश्वरची सून :
सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान कसं वाटतं? ते जपानी पद्धतीचं. पाणी आहे, छोटे पूल आहेत.

दोन_पोरांची_आई :
आले परत. तिथे वाटा आखीव आहेत, म्हाताऱ्यांना बरं पडतं. पण हिरवळीवर बसू देत नाहीत आणि मोठा कॅमेरा असेल तर आधी परवानगी विचारा. एका बागेत आम्हाला दारातच थांबवलं होतं, फोटोवाल्याचे पैसे आधीच दिलेले. सासरे इतके हिरमुसले की घरी जाईपर्यंत बोलले नाहीत. तेव्हापासून आधी फोन करूनच जातो.

लोहगावकर :
ड्रोन न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. खडकवासल्याला समोर एनडीए, आमच्याकडे विमानतळ आणि हवाई दल. परवानगीशिवाय उडवला तर भलतंच अंगाशी येईल.

चिंच_गूळ :
मेतकूट, आई नऊवारी नेसणार आहेत का? काठावर वारा फार असतो. पदराला आतून दोन जास्त पिना लाव.

मेतकूट :
आई सहावारी, काकू नऊवारी. शिवलेली मिळते ना कुठे? काकूंना आता नेसायचा त्रास होतो.

सिंहगडरोडकरीण :
मिळते. पण काकूंना विचारून घे, माझ्या मावशीला शिवलेली दिली तर ती म्हणाली मला काय शाळेच्या गॅदरिंगला जायचंय.

मेतकूट :
बाबांशी बोलले. म्हणाले, खडकवासलाच. तरुणपणी ते आणि काका तिथे सायकलने जायचे म्हणे, मला माहीतच नव्हतं, आणि काकांनाही परत एकदा बघायचंय. तर गुरुवारी सकाळी, आठच्या आत पोचायचं, घडीच्या दोन खुर्च्या घरून न्यायच्या, फोटो झाले की कणीस. सकाळी कणीसवाले किती वाजता येतात पण?

सिंहगडरोडकरीण :
आठला नाही येत. घरून उपमा घेऊन जा. बाबा-काकांचा सायकलसारखा पुढे-मागे बसलेला एक फोटो काढ.

तंबूवाला :
आणि सकाळी काठावर थंडी बोचते. बाबांना स्वेटर, बाळाला कानटोपी. फोटोपुरती काढा.

पाषाणातला बगळा :
भिगवणला कोणी घरचे फोटो काढलेत का? उजनीच्या पाण्यात थंडीत रोहित पक्षी येतात, होडीत आजी-आजोबांना बसवता येईल का?

धायरीची ताई :
आम्ही नेलं होतं सासूबाईंना. होडीत चढताना दोघांनी धरावं लागतं, लाइफ जॅकेट मागून घ्या. सविस्तर लिहिते, आत्ता कुकरच्या शिट्ट्या झाल्यात.