सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने अपघात खरंच घटतात का?

प्रश्न: कॅमेरे लागले की मागून धडका वाढतात म्हणे. मग फायदा काय?

उत्तर १: दोन्ही खरं. अमेरिकेतल्या ७ ठिकाणांच्या २००५ च्या अभ्यासात आडव्या धडका सुमारे २५ टक्के घटल्या, मागच्या १५ टक्के वाढल्या. दंडाच्या धास्तीने पुढचा कचकन ब्रेक मारतो, मागचा चिकटून असतो. पण आडवी धडक थेट दारावर बसते, ती जास्त जीवघेणी.

उत्तर २: आधी पिवळा दिवा मोजा! ताशी ५० किमीला प्रतिक्रियेचा १ सेकंद, अधिक वेग (सेकंदाला १३.९ मीटर) भागिले ६ (ब्रेकने दर सेकंदाला वेग ३ मी/से घटतो, त्याची दुप्पट), म्हणजे साधारण ३.३ सेकंद. उतारावर आणखी. त्याहून कमी ठेवला तर कॅमेरा नुसता गल्ला भरतो.

उत्तर ३: थांबारेषाही ठळक हवी. पुसलेल्या रेषेवर फोटो काढून काय सिद्ध होणार?