मदत हवी आहे : हिवाळा सरायच्या आतच गरम व्हायला लागलंय, आता काय लावावं?

नमस्कार मंडळी,

हिवाळ्याचे शेवटचे आठवडे चालू आहेत आणि दुपारी पारा २० अंशांवर जातोय. एरवी या दिवसांत सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. यंदा जर्दाळूचे डोळे टम्म फुगलेत, काहींच्या टोकाशी गुलाबी रंग डोकावतोय. ट्युलिपचे कोंब बोटभर वर आलेत. लसणाचं तर विचारूच नका, पात अशी माजली आहे की वसंत आला असं वाटावं.

प्रश्न असे आहेत. एक तर या उबेचा फायदा घेऊन आत्ताच पेरणी करावी का? दुसरं, हिवाळे असेच सौम्य होणार असतील तर आजवर ज्यांना हात लावला नाही अशी झाडं, म्हणजे अंजीर, डाळिंब, जमलंच तर लिंबू, जमिनीत लावून बघावीत का? अमेरिकेच्या कृषी खात्याने झाडांच्या काटकपणाचा नकाशा (कुठल्या भागात कोणती झाडं हिवाळा काढतील ते थंडीच्या पट्ट्यांनी दाखवणारा) २०२३ मध्ये सुधारला, त्यात त्या देशाचा साधारण निम्मा भाग अर्ध्या पट्ट्याने उबदार गटात सरकला असं वाचलं. त्यामुळे हुरूप आलाय. आणि जर्दाळूचं काय करू? तो थांबायला तयार नाही.

प्रतिसाद १

हुरूप असू द्या, पण तो नकाशा काय मोजतो ते आधी बघा. वर्षातली सगळ्यात थंड रात्र किती खाली जाते, त्याची ३० वर्षांची सरासरी. एका हिवाळ्यातले उबदार पंधरा दिवस त्यात कुठेच लागत नाहीत. शिवाय शेवटचं हिमदव कधी पडणार, हे तो सांगतच नाही. झाडं मरतात कडाक्याच्या थंडीने, पण फळं जातात ती उशिरा पडलेल्या हिमदवाने. मिशिगनमध्ये २०१२ साली मार्चमध्ये अशीच उन्हाळ्यासारखी हवा पडली, सफरचंदं लवकर फुलली आणि एप्रिलच्या गारठ्यात राज्याचं जवळपास ९० टक्के पीक गेलं.

अंजीर आणि डाळिंब सुप्तावस्थेत असताना उणे १० च्या आसपासपर्यंत तग धरतात. वरचा भाग करपला तरी बुडातून फुटतात, म्हणून लावायला हरकत नाही. फक्त आत्ता नको, हिमदवाचा धोका टळल्यावर लावा, म्हणजे पुढच्या थंडीपर्यंत मुळं धरतील. लिंबू मात्र कुंडीतच बरं. उणे २-३ ला पानं जातात, आणि कुंडी आत उचलून नेता येते.

प्रतिसाद २

जर्दाळूबद्दल. या झाडांना ठरावीक तास थंडी मिळावी लागते, तोवर कितीही ऊन पडलं तरी डोळे हलत नाहीत. तुमच्या झाडाचा तो कोटा पुरा झालेला दिसतोय. यापुढे ते फक्त ऊब मोजणार. त्याला थांबवायचा उपाय नाही. बुडाशी पेंढ्याचं आच्छादन घालून बहर लांबतो असं बरेच जण सांगतात, पण डोळे हवेच्या तापमानाने फुटतात, मुळं गार ठेवून फारसा फरक पडत नाही. छाटणी मात्र आत्ता अजिबात करू नका.

नुसता फुगलेला डोळा उणे ७-८ काढतो. पूर्ण उमललेली फुलं उणे ३ च्या आसपास दगावू लागतात आणि उणे ५-६ ला बहुतेक सगळी जातात. म्हणजे जसजसं फुलत जाईल तसतसा धोका वाढणार. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, अशी संध्याकाळ दिसली की सावध व्हा. हवामानाचा अंदाज ३ अंश सांगत असेल तरी जमिनीलगत पाणी गोठू शकतं. झाड लहान असेल तर जाड कापड पार जमिनीपर्यंत सोडा, कारण ऊब मातीतून वर येते. झाडाला टोपी घालून काही मिळत नाही. त्या रात्रीपुरतं बुडाचं आच्छादन बाजूला सारा आणि दिवसा माती भिजवून ठेवा. ओली उघडी माती जास्त उष्णता धरते. सकाळी कापड काढायचं.

फटका बसला का हे कळायला, गारठा ओसरल्यावर काही तासांनी एखादी कळी ब्लेडने आडवी कापा. मधला भाग हिरवा असेल तर जिवंत, काळा पडला असेल तर गेली.

प्रतिसाद ३

पेरणीचं कुणी बोललंच नाही!

हवा सोडा, माती बघा. मूठभर माती दाबून चिखलाचा गोळा झाला तर वाफसा आलेला नाही, वाफ्यात पाय घालू नका. वाफसा असेल तर सकाळी बोटभर खोलीवर थर्मामीटर खोचा. ५ अंशांच्या वर टिकून असेल तर वाटाणा, पालक, लेट्यूस, मुळा खुशाल पेरा, यांना सौम्य गारठ्याचं काही वाटत नाही. टोमॅटो, मिरची, काकडी यांना माती १५-१६ तरी हवी, आणि रात्र १३ च्या खाली गेली की टोमॅटोची फळधारणा बिघडते. ती रोपं घरातच वाढवा.

कांद्याची जाड रोपं आत्ता लावू नका. पुढे थंडी परतली की त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात आणि कांदा पोसत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक रोपं चालतील. ट्युलिप आणि लसणाची काळजी सोडा, त्यांची पात हिमदव सोसते.

धागाकर्ता

मनापासून आभार. थर्मामीटर खोचला, सकाळी ७ दाखवतोय, वाफसाही आहे. वाटाणा आणि पालक उद्याच पेरतो. कांदा थांबवला. जर्दाळू माझ्या उंचीएवढाच आहे, तेव्हा कापड जमेल.

आता एक उपप्रश्न. फुलं एवढ्या लवकर उमलली आणि मधमाश्या बाहेरच पडल्या नाहीत तर?

प्रतिसाद २

दुपारी १३-१४ अंश आणि ऊन असेल तर मधमाश्या येतात. ढगाळ गार दिवस लागले तर मऊ ब्रश घ्या, परागकण सुटत असतील अशा दुपारी या फुलावरून त्या फुलावर फिरवत जा. बहुतेक जर्दाळू स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे एकच झाड असलं तरी चालतं. जात कोणती आहे तेवढं सांगा, काहींना जोडीदार लागतो.