वीज गेल्यावर स्मार्ट हीटिंग कसे चालू ठेवावे?

प्रश्न : स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायरमध्ये नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात वीज गेली, तेव्हा गॅस चालू असूनही आमचे घर गारठले. अशा वेळी घर गरम करणारा बॉयलर आणि स्मार्ट थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक) कसे चालू ठेवावेत?

उत्तर : गॅस बॉयलरचा पंखा, पंप आणि नियंत्रक मिळून साधारण शंभर-दीडशे वॉटच घेतात, त्यामुळे १ किलोवॉट-तास बॅटरीचा, शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर) देणारा इन्व्हर्टर काही तास पुरतो. जोडणी मात्र नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी, कारण इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेला नसेल, तर काही बॉयलरना ज्योत पेटल्याचे कळतच नाही आणि ते लगेच बंद पडतात.

दुसरे उत्तर : राउटर बंद असला तरी अनेक थर्मोस्टॅट रिसीव्हरशी (बॉयलर चालू-बंद करणाऱ्या पेटीशी) थेट रेडिओने संपर्क साधतात, फक्त ॲप चालत नाही. रिसीव्हरही त्याच इन्व्हर्टरवर घ्यावा आणि त्यावरचे हीटिंगचे बटण उजेडातच पाहून ठेवावे. मी ते अंधारात अर्धा तास शोधत होतो.