मदत हवी आहे: पुण्याच्या प्रभात टॉकीजचे जुने फोटो कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकाजवळचं आपलं प्रभात! 1934 साली सुरू झालेलं, किबे यांच्या मालकीचं आणि प्रभातकरांनी भाड्याने चालवलेलं. 2014 च्या अखेरीस करार संपला, वास्तू मूळ मालकांकडे परत गेली आणि पाटीवर किबे लक्ष्मी थिएटर हे नाव आलं.

आईला पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतायत. तिच्यासाठी जुन्या आठवणींची वही करतेय. 1991 मध्ये ‘माहेरची साडी’ला आम्ही दोघी तिथेच गेलो होतो. मध्यंतरात तिने कागदाच्या पुडीतले खारे दाणे माझ्या हातावर ओतले आणि पदराने डोळे पुसत राहिली. शेजारच्या अनोळखी काकूही रडत होत्या. बाहेर पडल्यावर दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत उभ्या राहिल्या.

त्या दिवसाचं आमच्याकडे काहीच उरलेलं नाही. कुणाकडे नव्वदच्या दशकातला दर्शनी भागाचा फोटो, जुनं तिकीट किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात असेल का? बाल्कनीचा जिना आणि आतला पडदा दिसणारा फोटो मिळाला तर फारच छान. मूळ प्रत नको, मोबाईलवर काढलेला फोटोही चालेल. तिथे काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर तेही कळवा, मी स्वतः भेटायला येईन.